राई म्हणजे झाडांची बेरीज नव्हे

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. शनिवार आहे, रिलीज काल रात्री गेलं, सोमवारपर्यंत कुणी फोन करणार नाही. तेव्हा भांडून घेतो.

भांडण कुणाशी? झाडं मोजणाऱ्यांशी. यात झाडं तोडणारेही आले आणि झाडं वाचवणारेही आले, कारण दोघांच्या हातात हत्यार एकच आहे: आकडा. "इतकी हजार झाडं जाणार" असं एक बाजू ओरडते. "त्याच्या इतक्या पट लावू" असं दुसरी बाजू शांतपणे सांगते. टीव्हीवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी झळकतात, दुसरा नेहमीच मोठा असतो, आणि विषय मिटतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आकड्याचं हे हत्यार तोडणाऱ्याच्याच कामाचं आहे. वाचवणाऱ्याने ते उचललं, की अर्धी लढाई तिथेच हरली.

मी राईचा. भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं लागतात, त्यातलं हे. भोवती मिठागरं, खाडी, तिवरं, आणि पुढे उत्तनच्या अंगाला डोंगरीची टेकडी. मराठीत राई म्हणजे दाट झाडी. आमराई, देवराई या शब्दांतली राई. गावाचं नाव त्यावरूनच पडलं असा माझा दावा नाही, पण शब्द आवडतो. कारण तो एकवचनी आहे. दहा झाडांना राई म्हणत नाहीत आणि शंभर झाडांना दहा राया म्हणत नाहीत. झाडी, सावली, खालचा पाचोळा, त्यातले किडे आणि ते खाणारे पक्षी, या सगळ्याचं मिळून एक नाव.

आता मुद्द्याकडे. मेट्रो ९ ची कारशेड आधी आमच्याच राई-मुर्धा-मोर्वा पट्ट्यात येणार होती. गावांनी विरोध केला, आणि ती डोंगरीला हलवायचं ठरलं. आमच्याकडे सगळ्यांना हायसं वाटलं. शेतं वाचली, घरं वाचली, हे खरंच आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग २०२५ साली महापालिकेच्या नोटिसा निघाल्या आणि कळलं की डोंगरीच्या टेकडीवरची अकरा हजारांहून जास्त झाडं तोडायचा प्रस्ताव आहे. हरकती गेल्या, मोर्चे निघाले. त्यातल्या राजकारणात मी इथे शिरत नाही, त्यासाठी वर्तमानपत्रं आहेत. मला खटकतं ते हे, की सगळ्या गदारोळात टेकडीबद्दल आपल्याला एकच गोष्ट कळली. तिच्यावर किती झाडं आहेत. टेकडीवर *काय* आहे हे कुणी विचारलंच नाही.

"काय" म्हणजे काय ते सांगायला एक पक्षी घेतो. टिकेलचा निळा माशीमार. चिमणीएवढा, पाठ गडद निळी, कपाळावर आणि खांद्यावर चमकता निळा, छाती नारिंगी, पोट पांढरं. मादी त्या मानाने फिकी. सॅम्युएल टिकेल नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता, त्याच्या नावावरून एडवर्ड ब्लिथने १८४३ साली या पक्ष्याचं बारसं केलं. हा हिमालयातून थंडीपुरता येणारा पाहुणा नव्हे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तो बाराही महिने राहतो. म्हणजे आमच्या ८.१३ च्या लोकलच्या डाव्या हाताला, जेमतेम काही किलोमीटरवर. दहिसर-बोरिवली पट्ट्यात आयुष्य काढलेल्या किती जणांनी तो पाहिलाय? दोष पक्ष्याचा नाही, तो भर उन्हात कधी बसतच नाही.

हा पक्षी जगतो कसा ते बघा. झाडाच्या शेंड्यावर नाही. जमिनीपासून माणसाच्या उंचीच्या आसपास एखादी आडवी काटकी किंवा वेल धरून तो सावलीत बसतो. किडा उडाला की झेप, हवेतच पकडायचा, पुन्हा काटकीवर. म्हणजे त्याला एक तर बसायला खालच्या थरात काटकी हवी. दुसरं, झेप घ्यायला तिच्या पुढे थोडी मोकळी हवा. तिसरं, किडे, म्हणजेच ओलसर पाचोळा आणि कुजणारं लाकूड. चौथं, डोक्यावर छप्पर, म्हणजे दाट सावली. पाचवं, घरट्यासाठी ओढ्याकाठच्या दरडीतलं भोक, खडकाची कपार किंवा जुन्या खोडातली ढोली.

आता महापालिकेचं कुठलंही वृक्षगणनेचं रजिस्टर डोळ्यासमोर आणा. झाडाचा क्रमांक, जात, घेर, उंची, शेरा. या पाच गरजांपैकी किती गोष्टी त्यात सापडतील? चौथी कशीबशी, तीही तुम्ही झाडाच्या उंचीवरून सावलीचा अंदाज बांधलात तर. काटकी, वेल, करवंदाची जाळी हे "झुडूप", त्याला नंबर नाही. पाचोळा म्हणजे "कचरा". वठलेलं खोड म्हणजे शेऱ्याच्या रकान्यात "मृत". आणि ओढा मोजणं हे वृक्ष विभागाचं कामच नाही. माशीमाराच्या घराचे पाच खांब, त्यातले चार कागदावर अस्तित्वातच नाहीत. जे कागदावर नाही ते तुटलं तर नुकसान शून्य. आणि शून्याला कितीनेही गुणा.

ही काही माझी अक्कल नाही. रॉबर्ट मॅकआर्थर आणि जॉन मॅकआर्थर या दोघांनी १९६१ साली एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. जंगलाच्या एखाद्या तुकड्यात पक्ष्यांची विविधता कशावर ठरते, हा प्रश्न. त्यांना आढळलं की तिथे झाडांच्या किती जाती आहेत यापेक्षा, पानोळा जमिनीपासून वरपर्यंत किती थरांत विभागलाय यावरून पक्ष्यांचा अंदाज जास्त चांगला बांधता येतो. खाली झुडपं, मध्ये लहान झाडं, वर छत. थर जितके भरलेले, तितके पक्षी. साठ वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही! तेव्हापासून आपण कुठे आलो? पेव्हर ब्लॉकच्या चौकटीत एक सोनमोहोर, दहा फुटांवर दुसरा सोनमोहोर, मध्ये लॉन. थर: वर एक, खाली शून्य. आणि या बागेच्या फलकावर लिहिलेलं असतं, "वृक्षसंख्या अमुक". वा!

उलट उदाहरणही आमच्याच गावातलं देतो. राईत एक जुनी वाडी आहे. आंबा, चिंच, फणस, दोन-चार रामफळं, एक विहीर, आणि मालकाने कधीच न साफ केलेली मागची बाजू. झाडं मोजली तर पंचवीस-तीस भरतील. तिथे एका ऑक्टोबरात मी स्वर्गीय नर्तकाचा नर पाहिला. तांबूस अंगाचा, काळ्या तुऱ्याचा, शेपटीच्या दोन लांबच लांब फिती मागे लहरतायत. पंधरा मिनिटं विहिरीवरच्या सावलीत किडे टिपत होता. त्याच रस्त्यावर रांगेत लावलेली शंभरेक झाडं आहेत, त्यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. पक्ष्याला बेरीज येत नाही. त्याला रचना कळते.

(जाता जाता: स्वर्गीय नर्तकाला इंग्रजीत फ्लायकॅचर म्हणतात, पण शास्त्रज्ञांच्या लेखी तो माशीमारांच्या कुळातला नाहीच. लिनियसने १७५८ साली त्याला चक्क कावळ्याच्या खात्यात टाकलं होतं. आणि आपल्या खिडकीत गाणारा दयाळ आज माशीमारांच्या कुळात धरला जातो. लेबल बघून निर्णय घेऊ नये, ही शिकवण सगळीकडेच कामाची.)

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. १९८२ साली ॲपलमध्ये लिसा नावाच्या कॉम्प्युटरवर काम चालू होतं. मॅनेजर मंडळींनी ठरवलं की दर आठवड्याला प्रत्येकाने किती ओळी कोड लिहिला त्याचा फॉर्म भरायचा. बिल ॲटकिन्सन या पठ्ठ्याने त्या आठवड्यात आपला जुना कोड पुन्हा लिहून लहान आणि कितीतरी वेगवान केला होता. त्याने फॉर्मवर भरलं: उणे २०००. काही आठवड्यांनी त्याला फॉर्म मागणंच बंद झालं. ही गोष्ट आपण सगळे एकमेकांना फॉरवर्ड करतो, हसतो, आणि मॅनेजरला शिव्या घालतो. मग टेकडीचा हिशोब झाडांच्या संख्येत केला जातो तेव्हा आपल्याला हसू का येत नाही? कोडच्या ओळी मोजणं आणि जंगलातली खोडं मोजणं हा एकाच जातीचा मूर्खपणा आहे. मोजायला सोपं म्हणून मोजायचं, आणि मग जे मोजलं तेच महत्त्वाचं असं मानायचं.

कायदासुद्धा याच सापळ्यात आहे. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा १९७५ चा. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची अशी तरतूद आली. हेतू उत्तम आहे, आधीपेक्षा नक्कीच बरं आहे. पण गणित बघा. चाळीस वर्षांचं जांभूळ तोडलं तर चाळीस रोपं. म्हणजे चाळीस वर्षं भागिले एक झाड बरोबर एक वर्षाची चाळीस रोपं! इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलं युनिटचं गणित केलं असतं तर सरांनी वही भिरकावली असती. त्या जांभळाची ढोली चाळीस रोपांत वाटून देता येत नाही. आणि ही रोपं लागणार कुठे? बहुतेक वेळा दुसऱ्याच गावात, एखाद्या उघड्या माळावर, जिथे आधीच काहीतरी जगत असतं आणि तेही कुणी मोजलेलं नसतं.

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण ऑफिसच्या कँटीनमध्ये मी ते दर महिन्याला ऐकतो.

पहिला: "मग मेट्रो नको का तुला?" हवी आहे. भाईंदरहून रोज सकाळी लोकलच्या दारात एका पायावर उभं राहणाऱ्या माणसाला मेट्रो नको असेल का? पण डेपो म्हणजे मेट्रो नव्हे. मार्ग तोच ठेवून डेपोच्या जागा बदलता येतात, हे आमच्याच गावाने सिद्ध केलं. एकदा शेतांसाठी बदलली. मग पर्याय मांडताना शेताची किंमत धरायची आणि टेकडीची किंमत फक्त खोडांत धरायची, हा कुठला न्याय? दोन पर्यायांची तुलना करायची तर दोन्हीकडे पूर्ण खर्च मांडा. नाहीतर ज्याचा हिशोबच नीट केलेला नाही तो पर्याय नेहमीच स्वस्त दिसणार.

दुसरा: "पक्ष्यांना पंख असतात. जातील दुसरीकडे." हा सगळ्यांचा लाडका आक्षेप. कोस्टा रिकात शेकेर्जिओलू, पॉल एर्लिक वगैरे शास्त्रज्ञांनी याचाच अभ्यास केला, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. जंगलाचे तुकडे झाल्यावर खालच्या थरातले कीटकभक्षी पक्षी त्या तुकड्यांतून नाहीसे का होतात? पहिला संशय असा की किडे कमी पडत असतील. पण किडे कमी नव्हते, पक्ष्यांच्या खाण्यातही मोठा फरक नव्हता. मग उरलेलं बळकट कारण हे, की सावलीत जगणारे हे पक्षी मधली उघडी जमीन ओलांडतच नाहीत. पंख आहेत हो, पण धजत नाहीत. आपल्यालाही पाय आहेत, म्हणून आपण द्रुतगती महामार्ग चालत ओलांडतो का? तेव्हा टेकडी तोडून पक्षी "दुसरीकडे" जाईल ही समजूत सोडा. मधली वाटच आपण तोडतो आहोत.

तिसरा: "एवढ्याशा पक्ष्यासाठी राईचा पर्वत करतोस." कोटी चांगली आहे, गावाच्या नावामुळे मला लहानपणापासून ऐकवली जाते. पण बाबांनो, मी राईचा पर्वत करत नाहीये. तुम्ही पर्वताची राई, आणि तीही मोहरीवाली, करताय. टेकडीचं मोजमाप करून एक आकडा उरवायचा, तो आकडा चिमटीत धरायचा आणि म्हणायचं, एवढंच तर आहे.

चौथा: "मियावाकी करू की." करा, जरूर करा. अकिरा मियावाकींची पद्धत काँक्रीटच्या शहरातल्या रिकाम्या प्लॉटवर छान आहे, आणि ती निदान देशी झाडं आणि थर यांचा विचार करते. पण ती रिकाम्या जागेसाठी आहे, भरलेल्या जागेच्या बदल्यात देण्यासाठी नाही. घर पाडून अंगणात तंबू लावणं याला पुनर्वसन म्हणत नाहीत.

हा प्रश्न एकट्या डोंगरीचा नाही, म्हणून भांडतोय. आरे आठवतंय ना? ऑक्टोबर २०१९. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या, न्यायालयाची पुढची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं आडवी. तिथेही वाद कशावर होता? हे "जंगल" आहे की नाही, आणि झाडं किती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच गोदावर्मन खटल्यात सांगून ठेवलं होतं की जंगल या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला धरावा, जमीन कुणाच्या का मालकीची असेना. मग आमच्या शब्दकोशात तर त्यासाठी राई हा सुरेख शब्द आहे. पण सातबाऱ्यावर राई असा रकाना नाही. सातबाऱ्यावर "पड" असतं. जे माणसाला पीक देत नाही ते सगळं पड.

आता जरा आपल्याच लोकांकडे वळतो. होय, तुम्ही. लॅपटॉपवर हे वाचणारे. आपल्या कंपन्यांत दर जूनमध्ये वृक्षारोपण दिवस असतो. एसी बस, कंपनीचा टी-शर्ट, प्रत्येकाने एक खड्डा, एक रोप, एक फोटो. संध्याकाळी मेल येतं: "आपण आज पाचशे झाडं लावली." झाडं नाही हो, रोपं. पुढच्या मेमध्ये तिथे पाणी घालायला कोण गेलं? मी ज्या एका कार्यक्रमाला गेलो होतो तिथे तर आधी करवंदाच्या जाळ्या उखडून जागा "साफ" केली होती, रोपं लावायला! माशीमाराचा दिवाणखाना पाडून त्यात आम्ही गुलमोहर लावले, आणि टाळ्या वाजवल्या.

आणि ते मोठ्या लेन्सवाले. पक्षी बघायला जातात, उत्तम. पण बरेच जण पक्षी बघत नाहीत, यादी भरतात. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावायचा, म्हणजे हद्दीत दुसरा नर आला असं समजून बिचारा घरटं सोडून भांडायला बाहेर येतो. क्लिक. यादीत एक खूण. पुढचा. ही पण मोजणीच. पालिका खोडं मोजते, आपण जाती मोजतो, आणि दोघंही घरी समाधानाने जातो.

याउलट आपल्या आज्या-पणज्यांची पद्धत बघा. देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. मागे उरलेल्या थोड्याच खऱ्या जुन्या जंगलांपैकी त्या होत्या. कित्येक देवरायांत वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक. आता मी काही देवभोळा माणूस नाही, पण यामागचं इंजिनिअरिंग बघा. देवराईत झाडं किती हे कुणी मोजलेलं नसे. हद्द ठरलेली असे. हद्दीच्या आत झाड, वेल, वारूळ, पाचोळा, वठलेलं खोड, झरा, सगळं देवाचं. म्हणजे संरक्षण झाडाला नव्हतं, जागेला होतं. ज्या लोकांना आपण अडाणी म्हणतो त्यांना एकक बरोबर निवडता आलं. आपल्याला जीआयएस, ड्रोन आणि सॅटेलाईट असून येत नाही.

नुसतं रडगाणं गाऊन उपयोग नाही, म्हणून काय मागायचं तेही लिहितो. तुमच्या भागात पुढची नोटीस लागेल तेव्हा हरकतीत "झाडं तोडू नका" एवढंच लिहू नका. हे मागा:

१. झाडांच्या यादीसोबत जागेचा नकाशा द्या. ओढे, दरडी, झुडपांचे पट्टे, वठलेली झाडं त्यावर दाखवा.

२. पक्षी, किडे, सरपटणारे प्राणी यांची नोंद किमान तीन ऋतूंत करा. मार्चमध्ये एक दिवस फिरून पावसाळ्यातलं काही कळत नाही. टिकेलचा माशीमार घरटं करतो ते साधारण मार्च ते ऑगस्ट.

३. ही जागा आजूबाजूच्या कुठल्या हिरव्या पट्ट्याशी जोडलेली आहे ते दाखवा. जोड तुटत असेल तर तो खर्च धरा.

४. बदली म्हणून झाडांची संख्या नको. जागेच्या बदल्यात जागा, आणि तीही जवळची, आधीच थोडीफार भरलेली, कायमची राखलेली. रोपं लावायची गरजच नाही कदाचित. कुंपण घाला, आग लागू देऊ नका, झाडू मारू नका आणि वीस वर्षं वाट बघा.

चौथी मागणी कुणालाच आवडणार नाही. कारण तिच्यात खड्डा नाही, फोटो नाही, नारळ फोडायला कुणी मंत्री नाही, ठेकेदार तर नाहीच नाही. काहीही न करणं या कामाचं टेंडर निघत नाही.

"हे सगळं कोण वाचणार, कोण ऐकणार?" असं माझा टीम लीड म्हणतो. कदाचित कुणीच नाही. पण हरकत नोंदवायला पैसे लागत नाहीत, आणि लेखी हरकतीचं लेखी उत्तर मागायचा हक्क आपल्याला आहे. "किती झाडं" या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. "इथे कोण राहतं" या प्रश्नाचं नसतं. म्हणून तो विचारायचा. एकाने विचारला तर फाईलीत जाईल. शंभर जणांनी विचारला तर कुणाला तरी टेकडीवर जाऊन बघावं लागेल, आणि सावलीत दहा मिनिटं गप्प उभं राहावं लागेल.

असो. भांडून झालं. प्रतिक्रिया लिहा, शिव्या असल्या तरी चालतील. फक्त एक विनंती. शिव्यांमध्ये आकडा टाकू नका.